पिकअप घेताय? मग एकदा लिटरमध्ये हिशोब करून बघा

पिकअप घ्यायची ठरली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, अ‍ॅव्हरेज किती देते? मीही तेच विचारलं होतं. सेल्समनने आकडा सांगितला, मी खूश, घरी येऊन वहीत लिहून ठेवला, आणि पुढची चार वर्षं तो आकडा मला रस्त्यावर काही भेटला नाही. गाडी वाईट नव्हती हो, माझा प्रश्नच अर्धवट होता. किती माल भरून, कुठल्या रस्त्यावर, आणि त्या अ‍ॅव्हरेजसाठी गाडीच्या किमतीत मी किती जादा मोजतोय, हे विचारायचं राहूनच गेलं.

तर पहिल्यांदाच पिकअप घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक सवय आधीच सांगतो, मी सगळा हिशोब पैशात न करता लिटरमध्ये करतो. कुठलाही खर्च समोर आला की त्याला आजच्या एका लिटरच्या भावाने भागायचं, बस्स. टायरचा सेट इतक्या लिटरचा, विमा तितक्या लिटरचा. सुरुवातीला लोक हसतात, पण सगळे खर्च एका मापात आले की "दोन किलोमीटर जास्त देते" या वाक्याची खरी किंमत किती ते पटकन कळतं.

पहिली पायरी: शोरूमला जायच्या आधी १५ दिवस वही लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे. सध्या भाड्याची गाडी वापरत असाल, जुनी असेल, मित्राची मागून नेत असाल, काहीही असो, प्रत्येक खेपेला चारच गोष्टी लिहायच्या. किती किलोमीटर, अंदाजे किती किलो, येताना रिकामी की भरलेली, आणि इंजिन चालू ठेवून गाडी किती वेळ उभी होती. माझ्या वहीतलं एक पान असं होतं: मंगळवार, जाताना ६२० किलो, ४१ किमी, येताना रिकामी. बुधवार, २०० किलो, १८ किमी, माल उतरायला पाऊण तास, इंजिन चालू. गुरुवार, गाडी हललीच नाही. शुक्रवार, ११०० किलो, ६७ किमी, येताना रिकामी.

मला ठाम वाटायचं की आपलं काम म्हणजे कायम फुल लोड. वही म्हणाली तसं नाही, १५ दिवसांत २४ खेपा, त्यात टनाच्या वर फक्त ३, बाकी सगळ्या अर्ध्या-पाऊण, आणि परतीचा जवळजवळ प्रत्येक प्रवास रिकामा. म्हणजे मी ३ खेपांसाठी मोठी गाडी घ्यायला निघालो होतो आणि उरलेल्या २१ खेपांना तिचं वजन नुसतंच ओढणार होतो. डबल कॅब घेऊन घरच्या कामाला वापरणारे असाल तरी लिहा, हौदा महिन्यातून किती वेळा खरंच भरतो हे बघून दचकाल.

दुसरी पायरी: अ‍ॅव्हरेज उलटं करून वाचा

आपण "लिटरला किती किलोमीटर" असं बोलतो, युरोपात "१०० किलोमीटरला किती लिटर" असं मोजतात, आणि खरेदीच्या वेळी दुसरी पद्धत बरी. का ते बघा. एक गाडी १० देते, दुसरी १२, फरक २ चा. तिसरी १५ देते, चौथी १८, फरक ३ चा. वाटतं की दुसऱ्या जोडीत बचत जास्त. आता १०० किमीला लावून बघा, १० वाली १० लिटर पिते, १२ वाली ८.३, वाचले १.७ लिटर. १५ वाली ६.७, १८ वाली ५.६, वाचले १.१ लिटर. उलटंच निघालं ना? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं की माणसं या आकड्याला सर्रास फसतात. आपण पिकअपवाले तर जास्तच, कारण आपल्या गाड्या मुळात कमी अ‍ॅव्हरेजच्या, आणि तिथे एकेक किलोमीटर महाग असतो. २० च्या पुढे एखादा किलोमीटर वर-खाली झाला तर मी फारसं मनावर घेत नाही, पण ९ आणि १० मधला फरक सोडू नका.

कंपनीचा आकडा खोटा असतो असं मी म्हणणार नाही. टेस्ट होते ती रोलरवर, ठरावीक तापमानात, ठरावीक वेगाच्या आलेखावर, आणि हौदा काठोकाठ भरून तर नक्कीच नाही. युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची नवी टेस्ट आली, ती आधीच्यापेक्षा रस्त्याच्या जवळची आहे, अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेची पद्धत वेगळी. त्यामुळे एका टेस्टचा आकडा दुसऱ्या टेस्टच्या आकड्याशी लावून बघायचा नाही. एकाच टेस्टमधल्या दोन गाड्यांमध्ये कुठली कमी पिते एवढंच त्यातून घ्या, "माझ्या रस्त्यावर किती देईल" हे त्यातून शोधायला जाऊ नका.

त्यासाठी तीच गाडी आधीपासून चालवणारा कोणीतरी गाठा. पण त्यालाही "किती देते" असं मोघम विचारलंत तर तो आजवरचा सगळ्यात चांगला आकडा सांगणार, माणसाचा स्वभावच आहे तो. भरलेली किती, रिकामी किती, असं वेगवेगळं विचारा. समजा भरलेली १० आणि रिकामी १४, तर जाऊन-येऊन सरासरी १२ धरू नका. १०० किमी जाताना १० लिटर, १०० किमी येताना ७.१ लिटर, २०० किमीला १७.१ लिटर, म्हणजे ११.७. फरक छोटा दिसतो पण वर्षाला २४,००० किमी पळवलीत तर त्यातच ५० लिटरच्या वर चूक होते.

वेगाचंही विचारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि पिकअपचं तोंड काय कारसारखं निमुळतं नसतं. जाताजाता एक गैरसमज, मागचा फाळका खाली पाडून चालवलं की हवा निघून जाते आणि डिझेल वाचतं असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं होत नाही. फाळका वर असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरळ सरकते, फाळका पाडला की तो भोवराच मोडतो. हौद्यावर कव्हर टाकलं तर थोडा फायदा होऊ शकतो, उंच ताडपत्री फडफडत ठेवली तर नुकसान.

तिसरी पायरी: साईज ठरवा, पण वहीतून

कागदावर दोन वजनं असतात, गाडीचं रिकामं वजन आणि एकूण परवानगी असलेलं वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे तुम्ही काय काय टाकू शकता, आणि त्यात ड्रायव्हर, शेजारी बसलेला हेल्पर, नंतर बसवून घेतलेला लोखंडी पिंजरा, सगळं धरायचं. पिंजराच १५० किलोचा बनवला तर तेवढा माल कायमचा कमी झाला, आणि रिकामी येतानाही तो पिंजरा डिझेल पीतच येणार.

आता मोठी की छोटी. मोठी भरलेली १० देते आणि दीड टन नेते, छोटी भरलेली १६ देते आणि पाऊण टन नेते असं धरा. दीड टन १०० किमी न्यायचा तर मोठीला १० लिटर, छोटीला दोन खेपा म्हणून १२.५ लिटर, वर दुप्पट वेळ आणि दोनदा रिकामं परत येणं वेगळंच. इथे मोठी जिंकली. पण माल ६०० किलोच असेल तर छोटी ६.३ लिटरमध्ये काम उरकते, मोठी अर्धवट भरलेली १२ देत असली तरी ८.३ लिटर घेते. म्हणजे उत्तर गाडीत नाही, तुमच्या २४ खेपांमध्ये आहे. महिन्यातून तीनदाच मोठा माल असेल तर त्या तीन दिवशी मोठी गाडी भाड्याने आणा, लिटरमध्ये लावून बघा, बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. मात्र छोटी घेऊन तिच्यावर रोज दीडपट माल लादायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात, टायर फुटतात, ब्रेक पुरत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

चौथी पायरी: डिझेल, पेट्रोल, सीएनजी की बॅटरी

डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० टक्क्यांच्या आसपास जास्त ऊर्जा असते, इंजिनही जास्त किफायतशीर, आणि कमी आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना) ताकद असल्याने माल ओढताना बरं वाटतं. पण गाडी महाग. समजा त्याच मॉडेलची डिझेल गाडी १५०० लिटर इंधनाच्या किमतीएवढी महाग आहे, पेट्रोल १० देते आणि डिझेल १३, दोन्हीचा भाव सारखाच धरू. महिन्याला १००० किमी पळत असेल तर पेट्रोल १०० लिटर, डिझेल ७७ लिटर, महिन्याला २३ लिटर वाचले. १५०० भागिले २३, म्हणजे ६५ महिने. साडेपाच वर्षांनी कुठे बरोबरी! हीच गाडी महिन्याला ३००० किमी पळाली तर ६९ लिटर वाचतात आणि २२ महिन्यांत काम झालं. तुमच्याकडे डिझेल स्वस्त असेल तर आणखी लवकर, महाग असेल तर उशिरा. हे गणित पाच मिनिटांचं आहे पण "पिकअप म्हणजे डिझेलच" असं म्हणत लोक ते करतच नाहीत.

आणि इथे माझी फजिती सांगतो. माझी पहिली पिकअप डिझेल, आणि रोजचं काम काय तर सहा-सात किलोमीटरच्या छोट्या खेपा, दिवसातून पाच वेळा बंद-चालू. नव्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो, तो ठरावीक वेळाने स्वतःला तापवून आतली काजळी जाळतो, आणि त्याला त्यासाठी थोडा वेळ सलग, जरा वेगात चालवावं लागतं. माझी गाडी तेवढी गरमच व्हायची नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला, मी म्हटलं बघू रविवारी, दोन रविवार गेले, मग गाडीचा जोरच गेला आणि वर्कशॉपने जे बिल दिलं ते मी घरी येऊन लिटरमध्ये काढलं, तर जवळजवळ दीड वर्षाची बचत एका झटक्यात गेली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. छोट्या खेपा असतील तर डिझेलच्या नादी लागू नका, किंवा आठवड्यातून एकदा तरी गाडीला हायवे दाखवा. बऱ्याच डिझेल गाड्यांना अ‍ॅडब्लूही लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी, त्याचीही ओळ हिशोबात टाका, आणि ते संपवून चालत नाही, बऱ्याचशा गाड्या त्याच्याशिवाय पुन्हा स्टार्टच होत नाहीत.

सीएनजी किलोवर मिळतो हे विसरू नका. एका किलोत साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, त्यामुळे "किलोला १८" आणि "लिटरला १८" हे दोन वेगळे आकडे आहेत. भावाला त्या आकड्याने भागून प्रति किलोमीटर खर्च काढा, मगच तुलना. सिलेंडरचं वजन माल खातं, चढावर जोर कमी वाटतो, आणि पंपावरची रांग हा खर्चच आहे, वहीत रांगेचाही वेळ लिहा.

बॅटरीवाली पिकअप शहरातल्या थांबत-थांबत जाणाऱ्या कामाला फार छान, उभी असताना काही पीत नाही आणि ब्रेक मारताना थोडं परत मिळवते. पण मागे मोठा ट्रेलर जोडलात की रेंज पार निम्म्यापर्यंत येऊ शकते. रोजचा ठरलेला रूट, रात्री चार्जिंगची स्वतःची जागा, या दोन्ही गोष्टी असतील तर जरूर बघा, एकही नसेल तर सध्या थांबा असं माझं मत.

आणि ते उभं राहून इंजिन चालू ठेवणं! अशा गाडीचं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर जातं, एसी असेल तर आणखी. रोज दीड तास, महिन्याचे २५ दिवस, तासाला ०.७ धरलं तरी २६ लिटर. वर डिझेल घेऊन महिन्याला जे २३ लिटर वाचवत होतो, त्याहून जास्त चावी न फिरवल्याने गेले.

पाचवी पायरी: टाकीत न जाणारे लिटर

इंधन डोळ्यांसमोर जळतं म्हणून त्याचं दुःख होतं. किंमत उतरते ती गुपचूप. समजा गाडी १०,००० लिटरच्या किमतीची, सहा वर्षांनी ४,५०० ला विकली, म्हणजे ५,५०० लिटर गेले. वर्षाला २४,००० किमी पळवली असेल तर एकूण १,४४,००० किमी, दर १०० किमीला ३.८ लिटर फक्त किंमत उतरण्यात. वर्षाला १२,००० च पळवली असेल तर हाच आकडा ७.६ लिटर, म्हणजे जवळजवळ इंधनाएवढाच! कमी पळालेल्या गाडीला विकताना थोडे जास्त मिळतील, पण दुप्पट काही मिळणार नाहीत.

यातून पुढचं सगळं ठरतं. खूप पळणार असेल तर अ‍ॅव्हरेज बघा, कमी पळणार असेल तर खरेदीची किंमत आणि रीसेल बघा. दोन गाड्या घेऊ. पहिली १०,००० लिटरची, नंतर ४,५०० ला जाणारी, १०० किमीला १० लिटर पिणारी. दुसरी ११,५०० ची, ५,००० ला जाणारी, ८.५ लिटर पिणारी. १,४४,००० किमीला पहिलीचे ५,५०० अधिक १४,४०० म्हणजे १९,९००, दुसरीचे ६,५०० अधिक १२,२४० म्हणजे १८,७४०, दुसरी सरळ जिंकली. ७२,००० किमीला मात्र १२,७०० विरुद्ध १२,६२०, आणि जादा १,५०० लिटर कर्जाने घेतले असतील तर व्याजातच ते ८० लिटर गेले.

कर्जावरून आठवलं, "फक्त १० टक्के फ्लॅट" हे ऐकून सही करू नका. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवरच. पाच वर्षांना १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर १७ टक्क्यांहून जास्त. एकच प्रश्न विचारा, सगळे हप्ते मिळून किती होतात? तो आकडा लिटरमध्ये लिहा.

टायर, सर्व्हिस, विमा, टॅक्स यांवर फार लिहीत नाही, चार जणांना विचारलंत की आकडे मिळतात. फक्त टायमिंग बेल्ट आहे की चेन तेवढं विचाराच, बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला तो बदलावाच लागतो, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हपर्यंत नुकसान जातं. आणि पार्ट किती दिवसांत मिळतात ते शोरूमला नाही, बाहेरच्या मेकॅनिकला विचारा. गाडी एका सेन्सरसाठी नऊ दिवस उभी राहिली तर ते नऊ दिवस कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतात.

सहावी पायरी: हौसेचे लिटर

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, लागते त्याला लागतेच, चिखलात अडकलेल्याला अ‍ॅव्हरेज सांगू नये. पण वर्षातून दोनदा कच्चा रस्ता लागतो म्हणून घेतलीत तर उरलेले ३६३ दिवस ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या जादा गिअरपेट्यांचं, वजन घेऊन फिरता, वर त्यांचं ऑईल वेगळं. मोठे टायर टाकू नका, जड असतात, आणि त्यांनी मीटरही कमी किलोमीटर दाखवतो, म्हणजे अ‍ॅव्हरेज खरोखर पडलंय त्याहून जास्त पडल्यासारखं दिसतं आणि तुम्ही मेकॅनिकशी भांडत बसता. हवेचा दाब मात्र फुकटचा आहे, दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर बऱ्याच पिकअपना रिकामीचा आणि भरलेलीचा दाब वेगळा दिलेला असतो, तो फोटो काढून ठेवा.

सातवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह रिकामी घेऊ नका

रिकामी पिकअप कोणाचीही छान पळते. चार-पाच माणसं किंवा पोती टाकू देतात का विचारा, नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. चढावर दुसऱ्या गिअरला ओढते की पहिला टाकायला लावते ते बघा, आणि हायवेला ८० वर टॉप गिअरला आरपीएम किती ते बघा. काही मॉडेलमध्ये डिफरन्शियलचा रेशो निवडता येतो, आकडा मोठा तर ओढ चांगली पण आरपीएम चढलेलं, हायवेला जास्त पिणार.

जुनी घेत असाल तर मीटरवर विश्वास ठेवायच्या आधी पेडलचं रबर बघा, मग खाली वाकून पाटे बघा. एका बाजूने बसलेले, मध्येच एखादं नवं पान घातलेलं, चेसिसवर ताजी वेल्डिंग आणि तेवढ्याच भागाला नवा काळा रंग, असं दिसलं की ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड पळालीय, भाव कितीही कमी असो, सोडून द्या.

गाडी घरी आली की वही चालूच ठेवा. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल आणि किती लिटर गेले ते लिहायचं. पहिल्या टाकीचा आकडा मात्र खोडून टाका, शोरूममधून निघताना काटा कितीही वर असला तरी टाकी खरंच फुल होती का ते आपल्याला ठाऊक नसतं.